२०७० चा शब्द दिल्लीचा, मग फॉर्म शिरोलीत कसा आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत घरची फाउंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) आहे, इंडक्शन फर्नेसवर म्हणजे विजेच्या भट्टीवर मेल्टिंग, माल पुणे-चाकणकडे जातो. मोठ्या ग्राहकानं कार्बन फूटप्रिंटचा, म्हणजे माल बनवताना किती कार्बन हवेत जातो त्याचा, लांबलचक फॉर्म पाठवलाय. भारतानं नेट झिरोसाठी (जितकं उत्सर्जन तितकंच शोषण) २०७० साल सांगितलंय, मग हा ताप आत्ताच कशाला? देशानं जगाला नक्की काय कबूल केलंय आणि त्यातलं कायद्यानं आमच्या गळ्यात काय पडतं?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. कायद्यानं तुमच्यावर आज जवळजवळ काहीच बंधन नाही. फॉर्म मात्र भरावा लागेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळायला देशाच्या कबुलीपासून सुरुवात करावी लागते. आपल्या भागात फाउंड्र्यांचं आणि साखर कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करत इतकी वर्षं गेली, पण या विषयावर अर्धवट माहितीचा जितका सुळसुळाट झालाय तितका दुसऱ्या कशावर बघितला नाही.

१९९२ साली रिओच्या परिषदेत हवामान बदलाचा मूळ आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातलं एक तत्त्व भारतानं तेव्हापासून सोडलेलं नाही: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून घर भरलं त्यांनी आधी आणि जास्त कमी करायचं. १९९७ च्या क्योटो करारात म्हणूनच भारतावर कपातीचं कसलंही बंधन नव्हतं. २०१५ च्या पॅरिस करारानं ही रचना बदलली. आता प्रत्येक देशानं आपला आकडा आपणच ठरवून कळवायचा आणि ठरावीक वर्षांनी तो वाढवत न्यायचा. यातली खुबी लक्षात घ्या. आकडा कळवणं आणि त्यासाठी देशात उपाय करणं बंधनकारक आहे, तो आकडा गाठणं बंधनकारक नाही. गाठला नाही म्हणून दंड करणारं कुठलंही कोर्ट नाही.

भारतानं पहिला आकडा २ ऑक्टोबर २०१५ ला कळवला. २०३० पर्यंतचा सुधारित आकडा ऑगस्ट २०२२ चा. त्यात मोजता येणाऱ्या मुख्य गोष्टी तीनच आहेत. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करायची. विजेच्या स्थापित क्षमतेतला ५० टक्के वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा करायचा. आणि झाडं-जंगलांतून जादा अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल इतकी सोय करायची. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला पंतप्रधानांनी जी पाच वचनं जाहीर केली त्यातलं ५०० गिगावॉट आणि एक अब्ज टन कपात हे दोन आकडे या कागदावर आलेलेच नाहीत. ५०० गिगावॉट हे सरकारी धोरण म्हणून चालू आहे, पण करारात नोंदलेली कबुली ती नव्हे. टीव्हीवर हे सगळं एकाच टोपलीत टाकतात.

आता तीव्रता म्हणजे काय, ते तुमच्याच शेडमध्ये बघू. समजा महिन्याला १०० टन कास्टिंग काढणारी फाउंड्री वाढत वाढत ३०० टनांवर गेली, आणि या काळात टनामागची वीज तिनं ४५ टक्क्यांनी कमी केली. टनाचा हिशेब लावला तर भारी काम झालं. पण महावितरणचं बिल बघितलं तर एकूण युनिट कमी झालीत का? नाही, ६५ टक्क्यांनी वाढलीत. देशाची कबुली अगदी अशीच आहे, फक्त टनाच्या जागी तिथं देशाचं सकल उत्पन्न आहे. रुपयामागचा धूर कमी करू असं आपण म्हटलंय. एकूण धूर २०३० पर्यंत कमी करू असं कुठंही म्हटलेलं नाही, आणि तो वाढतोच आहे.

याला कुणी लबाडी म्हणतं. मला तसं वाटत नाही. भारताचं दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आणि अमेरिकेची कितीतरी पट. ज्या घरात अजून फ्रिज यायचाय त्याला वीज कमी वापर म्हणून सांगण्यात न्याय नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. हे आकडे आपण बऱ्यापैकी सोपे ठेवले. भारतानंच संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्क्यांनी उतरली होती, म्हणजे ४५ टक्क्यांना फार धाप लागायची गोष्ट नाही. क्षमतेचं ५० टक्क्यांचं लक्ष्य तर २०३० चं होतं आणि २०२५ च्या मध्यालाच पुरं झालं.

पण त्या पन्नास टक्क्यांवर फार खूश होऊ नका. क्षमता वेगळी आणि युनिट वेगळी. एक मेगावॉटचा सोलर प्लांट रात्री बंद, ढगाळ आषाढात अर्धमेला; वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या पाचव्या भागाइतकी वीज देतो. कोळशाचा प्लांट त्याच्या तिपटीनं तरी चालतो. म्हणून क्षमता निम्मी-निम्मी झाली तरी प्रत्यक्ष येणाऱ्या युनिटांत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या पुढंमागं आहे. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात तो यामुळं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी जाहीर करतं. तो लिहून ठेवा, फॉर्ममध्ये लागणार आहे.

दिल्लीची कबुली कोल्हापुरात कुठल्या वाटेनं उतरते, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. वाटा चार-पाच आहेत, आणि सगळ्या सारख्या रुंद नाहीत.

पहिली वाट कायद्याची. ३० जून २००८ ला राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा आला, आठ मिशनचा. सौर, ऊर्जा कार्यक्षमता, पाणी, शेती, हिमालय वगैरे. त्यातली सौर आणि कार्यक्षमता ही दोनच दमदार निघाली, कारण त्यांच्यामागं कायदा आणि पैसा दोन्ही उभे राहिले. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०१२ पासून 'पॅट' योजना चालू झाली: मोठ्या ऊर्जाखाऊ कारखान्यांना टनामागच्या ऊर्जेचं लक्ष्य द्यायचं, जास्त वाचवलं त्यानं प्रमाणपत्रं विकायची, कमी पडला त्यानं विकत घ्यायची. २०२२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली आणि ऊर्जेऐवजी आता थेट उत्सर्जन तीव्रतेची लक्ष्यं दिली जाताहेत. ऑक्टोबर २०२५ ला ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतल्या मोठ्या युनिटांची लक्ष्यं पक्की झाली. पोलाद, वस्त्रोद्योग हेही योजनेत आहेत, पण मोठे प्रकल्प आणि मोठ्या गिरण्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या जॉबिंग (ऑर्डरप्रमाणे माल ओतून देणाऱ्या) फाउंड्रीला यात लक्ष्य नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यालाही नाही. एवढ्यापुरते निर्धास्त राहा.

दुसरी वाट ग्राहकाची, आणि तुमचा फॉर्म तिथूनच आला. सेबीनं शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा सविस्तर वार्षिक अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांचा तपशील देण्याचा टप्पा सध्या ऐच्छिक ठेवलाय, पण मोठी कंपनी शेवटच्या दिवसाची वाट बघत बसत नाही. शिवाय ती परदेशी मूळ कंपनीची असेल तर तिकडचा तगादा वेगळाच. तुमच्या सिलिंडर ब्लॉकचा धूर तिच्या वहीत 'स्कोप ३' म्हणजे पुरवठादारांकडचं उत्सर्जन म्हणून चढतो. तो आकडा तुमच्याकडून मिळाला नाही तर ती जगातली सरासरी धरते, आणि सरासरी बहुतेक वेळा तुमच्या विरोधात जाते.

युरोपचा सीमेवरचा कार्बन कर तिसरा. 'सीबॅम'चा माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ ला चालू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा लागू झाला. पोलाद-लोखंड त्यात आहे, पण मूळ यादीत सगळं कास्टिंग नाही. पाईप फिटिंग्ज आहेत. गाडीचे सुटे भाग म्हणून जाणारा माल नाही. म्हणून सल्लागाराला पैसे मोजण्याआधी तुमच्या इन्व्हॉइसवरचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) बघा. भारताचं म्हणणं असं की हा एकतर्फी अडथळा आहे, 'जबाबदारी सारखी नाही' या तत्त्वाला हरताळ आहे. म्हणणं मला पटतं. पण हे भांडण तुमच्या कंटेनरच्या वेळापत्रकात मिटणार नाही.

चौथी वाट दर महिन्याला तुमच्या टेबलावर येते आणि तरी तिला कुणी हवामान धोरण म्हणत नाही: वीजबिल. रात्री दहानंतर सवलत होती म्हणून आपल्याकडं पिढीजात रात्रीचं मेल्टिंग. मेल्टर रात्रपाळीला, मोल्डिंग दिवसा. देशात सोलर इतका चढला की दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी ओढाताण, त्यामुळं वेळेनुसार दराची रचना फिरली. सवलत सूर्याच्या तासांकडं सरकली आणि संध्याकाळच्या युनिटला जादा आकार लागला. ज्यांनी नवा दर कागदावर मांडून पाळ्या बदलल्या त्यांना फरक दिसला. बाकीचे 'बिल का वाढलं' म्हणत असोसिएशनच्या बैठकीत बसलेत. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला टीओडीचा (वेळेनुसार दराचा) तक्ता असतो, झोननिहाय युनिट तिथं छापलेली असतात. पाळी ठरवायला दुसरा कागद लागत नाही. तुमचा मंजूर भार १०० किलोवॉटच्या वर असणारच. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी बाहेरची वीज घेण्यासाठीची भाराची मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळं बाहेरच्या सोलर प्लांटची वीजही घेता येते. करार करताना व्हीलिंग (तारांवरून वीज आणायचा) आणि क्रॉस सबसिडीचा (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठीचा) आकार धरूनच युनिटचा दर काढा. दलाल तो धरत नाहीत.

उसाचंही सांगतो, कारण तुमच्या घरी शेती असणारच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० चं होतं, ते २०२२ ला २०२५-२६ वर ओढलं. कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून उसाचं सिरप आणि बी हेवी मळीपासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, ते ऑगस्ट २०२४ ला उठले. मध्ये मक्यानं जागा घेतली. हवामानाची कबुली, तेलाचं आयातबिल आणि साखरेचा किरकोळ भाव हे तीन एकमेकांसमोर उभे राहिले की निवडणुकीच्या वर्षात कोण जिंकतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक संचालकाला ठाऊक आहे.

कार्बन क्रेडिट विकून देतो म्हणणारे लोक हल्ली उद्यमनगरपासून गडहिंग्लजपर्यंत फिरताहेत. छपरावर सोलर टाकला की क्रेडिट आपोआप बँकेत जमा, असं सांगतात. तसं नसतं. क्रेडिट मिळायला 'हे काम क्रेडिटच्या पैशांशिवाय झालंच नसतं' असं दाखवावं लागतं, आणि ज्या सोलरचा खर्च बिलातूनच काही वर्षांत वसूल होतो त्याला हे दाखवणं अवघड. वर पडताळणीचा खर्च. क्योटोच्या काळात पवनचक्क्यांनी अशी क्रेडिट विकली होती. २०१२ च्या सुमाराला भाव असा कोसळला की पडताळणीचे पैसेही निघेनात. एकट्या फाउंड्रीनं या नादाला लागू नये.

आता ज्यावर कुणी फॉर्म पाठवत नाही ते. कबुलीला दोन अंगं असतात: धूर कमी करणं, आणि जो बदल आलाच आहे त्याला तोंड देणं. पहिल्याला आकडा आहे, दुसऱ्याला नाही. देशाच्या कागदात त्याबद्दल एक परिच्छेद आहे, शेती, पाणी, किनारे, आपत्ती यांत गुंतवणूक वाढवू असा. किती, कधीपर्यंत, काही नाही. जगाच्या पातळीवरही तीच गत. २०२४ ला बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं कबूल केलं, भारताच्या प्रतिनिधीनं तिथंच आक्षेप नोंदवला. पण सगळंच परदेशावर ढकलून चालणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. तुमचे पिग आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे) ट्रक तेव्हा कुठं अडकले होते, कामगार किती दिवस येऊ शकले नाहीत, ग्राहकानं उशिराचा दंड किती कापला, हे तुमच्या वहीत असेल. कुठल्याही राष्ट्रीय अहवालात नाही. दर पावसाळ्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडण होतं, आणि ते व्हायलाही हवं. पण एका आठवड्यात घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचं प्रमाण बदललंय आणि पूररेषेत आपण भराव टाकून बांधकामं केलीत, ही चर्चा अलमट्टीच्या आड लपते. देशाच्या पुढच्या कबुलीत मला एक गोष्ट बघायला आवडेल: पुरासाठी मोजता येईल असं, जिल्ह्याला लागू पडेल असं लक्ष्य. धुराचा आकडा आपण आरामात गाठू, तिथं मला काळजी नाही.

फॉर्मकडं येतो. मागचे बारा महिने धरा. स्कोप १ म्हणजे तुमच्याच आवारात जळणारं इंधन: जनरेटरचं डिझेल (लिटरला सुमारे २.७ किलो), लॅडल (धातू ओतायचं भांडं) तापवायचा गॅस, क्युपोला (कोकवरची भट्टी) असेल तर कोक. स्कोप २ म्हणजे ग्रिडची युनिट गुणिले ०.७. स्वतःच्या छपरावरची सोलर युनिट यात धरू नका, त्यांची वेगळी ओळ लिहा. खरी गंमत भाजकात आहे. तुम्ही 'टनामागं' लिहाल ते कुठल्या टनामागं? इंडक्शन फर्नेसला वितळलेल्या टनाला ६०० युनिट लागत असतील, तर ४२० किलो. पण रनर-रायझर (साच्यातल्या वाटांमध्ये गोठलेला धातू) आणि रिजेक्शन जाऊन ट्रकमध्ये चढणारं चांगलं कास्टिंग ६० टक्केच असेल तर त्या टनामागं १००० युनिट, म्हणजे ७०० किलो. ग्राहकाला चढणारा टन हवा असतो.

आणि हा आकडा खाली आणायला नवी मशिनरी लागतेच असं नाही. पुढच्या वेळी रात्री शेडमध्ये उभे राहून बघा. स्पेक्ट्रोचा (धातूतल्या घटकांच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत फर्नेस धातू धरून बसते, झाकण बाजूला लटकलेलं, वरून नारिंगी उजेड छपरापर्यंत. तेवढा वेळ वीज फक्त शेड तापवते. मोल्ड तयार नाहीत म्हणून मेल्टिंग थांबलं तर तेच. रेतीसकट परतीचा माल चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या कच्च्या मालात) टाकला तर स्लॅग वितळवायचे पैसे वेगळे. लोखंड १५०० अंशांपर्यंत न्यायला शास्त्रानं टनाला ४०० च्या आसपास युनिट लागतात. त्यावरची दोनशे कुठं जातात ते या झाकणात, या थांबण्यात आणि कॉम्प्रेसरच्या गळक्या जोडांत सापडतं. रविवारी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर एकटा चालू करा आणि किती वेळा लोड घेतो ते घड्याळ लावून मोजा.

स्कोप ३ मध्ये सगळ्यात मोठा आकडा चार्जचा निघेल. ब्लास्ट फर्नेसच्या एक टन पिग आयर्नच्या पाठीवर साधारण दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड असतो, स्क्रॅपवर जवळजवळ नाहीच. पिग कमी करून सीआरसीए स्क्रॅप (पोलादी पत्र्याची कात्रणं) आणि कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी पूड) वाढवणारी फाउंड्री कागदावर एकदम चांगली दिसते. मेटलर्जिस्टला विचारल्याशिवाय मात्र करू नका, एसजी आयर्नच्या मालात ट्रॅम्प एलिमेंटनी (स्क्रॅपमधून येणाऱ्या नकोशा घटकांनी) घात होतो. चार्ज शीट जपून ठेवा, कारण पडताळणीला येणारा माणूस पहिल्यांदा तीच मागतो. ज्या रकान्याची माहिती नाही तिथं 'मोजलेलं नाही' असं लिहा. शून्य लिहू नका; शून्य हा दावा होतो, आणि पुढच्या वर्षी खरं मोजल्यावर तुमचं उत्सर्जन वाढलेलं दिसतं.